घडाघडा वाचणं आणि कळून वाचणं

दुसरीतली एक मुलगी बोट ठेवत अख्खा धडा एका दमात वाचून दाखवते. मग विचारावं, ‘शेळी कुठे गेली होती?’ तर ती गप्प. शेजारचा मुलगा ‘भा… क… री’ असं अडखळतो, पण शब्द जुळला की लगेच सांगतो, आमची आई चुलीवर करते. तपासणीच्या तक्त्यात मुलगी पुढे, मुलगा मागे. ‘वाचन कच्चं’ या एका शेऱ्याखाली आपण दोन वेगळी दुखणी झाकतो.

मुलगा अक्षरांशी झगडतोय. आपली पहिली वेलांटी लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर. ‘पर्व’मधला रफार चढतो ‘व’च्या डोक्यावर. रोज थोडं, ठरलेल्या क्रमाने शिकवलं की हे सुटतं. मुलीला मात्र गोष्टी, गप्पा आणि नवे शब्द हवेत. तिच्याकडून आणखी बाराखडी गिरवून घेण्यात तिचं वर्ष वाया जातं.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली याचा गुणाकार मांडला: अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. एक बाजू शून्य, तर आकलन शून्य. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाचं हेच होतं. कोरकू मुंडा भाषाकुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. ते मूल मराठी अक्षरं सफाईने वाचेल, पण अर्थ कुठून आणेल? आणि अर्थाशिवाय मराठीत उच्चारही अडतो. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ यांतला ‘ज’ लिहायला एकच, म्हणायला वेगळा.

५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या मोहिमेचं उद्दिष्ट आहे, २०२६-२७पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचता यावं. दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीअखेर किमान ६०, तेही अर्थासह. हे ‘अर्थासह’च मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि तपासणीत नेमकं तेच निसटतं, कारण शब्द घड्याळ लावून मोजता येतात. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीतली चाचणीही अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चढत जाते, पण तपासते ते मूल वाचू शकतं का एवढंच. गावोगाव झटपट अंदाज घ्यायला ती उत्तम आहे. एकेका मुलाचा उपचार मात्र तेवढ्यावर ठरवू नये.

म्हणून राज्याने शिक्षकाच्या तक्त्यात दोन रकाने द्यावेत: एक शब्दांचा, दुसरा मुलाने आपल्या भाषेत, कोरकूत का होईना, परत सांगितलेल्या गोष्टीचा.