घारापुरीचा लांब धक्का आणि छोटी गाडी: पार्श्वभूमी

घारापुरीला जाणारा माणूस चौकशी करतो ती लाँचची. गेटवेपासून साधारण 10-11 किलोमीटर समुद्र, तासाभराचा प्रवास, आणि सोमवारी लेणी बंद. एवढं कळलं की तो निघतो. बेटावर उतरल्यावर मात्र समोर लांबलचक धक्का येतो, त्यावरून धावणारी छोटी गाडी (टॉय ट्रेन) येते, मग पायऱ्या आणि डोल्या. एवढ्याशा बेटावर हे सगळं कशाला, याचं उत्तर मुंबई बंदरातल्या गाळात आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. खोल किनाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण घारापुरीचा किनारा उथळ आहे. पाणी उतरलं की तिवरांपुढे गाळ उघडा पडतो आणि होडी काठापासून दूर अडकते. त्यामुळे लेण्यांपर्यंत कसं पोहोचायचं यापेक्षा होडीतून कोरड्या जमिनीवर पाय कसा टेकायचा, हीच इथली जुनी अडचण.

पोर्तुगीज इथे आले तेव्हा उतरायची जागा दक्षिणेला, राजबंदर गावाच्या बाजूला होती. तिथे दगडी हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी बेटाला एलेफंटा म्हटलं. बेटावरचा सगळ्यात अवघड प्रवासही या हत्तीनेच केला. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणले, 1914 मध्ये जोडले. आज तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. म्हणजे ज्याच्यावरून बेटाचं नाव पडलं तो पाहायला लाँच लागत नाही.

इंग्रजी अमदानीत पाहुणे आजच्या गेटवेजवळच्या पालवा बंदरावरून शिडाच्या होड्यांनी येत, पुढे वाफेच्या लाँच आल्या. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला तेव्हा त्याची मेजवानी चक्क लेण्यात झाली. लेणी पाहणं हा साहेबांच्या मुंबई मुक्कामातला ठरलेला कार्यक्रम होऊन बसला, आणि उतरायची मुख्य जागा वायव्येला, मोठ्या लेण्याच्या वाटेला सोयीच्या बाजूला सरकली. तिथेही ओहोटीचा त्रास होताच. म्हणून गाळात काँक्रीटचे सुटे ठोकळे टाकले. शेवाळलेल्या त्या ठोकळ्यांवरून तोल सांभाळत काठ गाठायचा. बूट आणि झगे घातलेल्या मंडळींची तिथे काय तारांबळ उडत असेल!

आजचा धक्का हे त्याच अडचणीचं पक्कं उत्तर. लाँचला पुरेसं पाणी मिळेल इथपर्यंत तो समुद्रात पुढे काढला, साहजिकच तो बराच लांब झाला. उतरायची जागा या बाजूला आल्याने इथल्या शेतबंदर गावच्या लोकांना दुकानं, खानावळी आणि डोलीचं काम मिळालं. उरण तालुक्यातल्या या बेटावर राजबंदर आणि मोराबंदर अशी आणखी दोन गावं आहेत, हे बहुतेक पर्यटकांच्या गावीही नसतं.

1987 मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लेणी पाहायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना उन्हातून हा पल्ला चालवणं कठीण, म्हणून धक्क्यावरची गाडी. ती फक्त धक्क्यापासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत जाते. खरं सांगायचं तर धडधाकट माणूस तिची वाट पाहण्याच्या वेळात चालत पोहोचतो. पोरांची हौस ही वेगळी गोष्ट. पुढे सुमारे 120 पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली असते. ती चार माणसं खांद्यावर उचलतात. भाडं बसण्याआधी ठरवून घ्यावं.

रिक्षा किंवा भाड्याची मोटार इथे शोधू नये. बेट दोन टेकड्यांचं, मधल्या वाटा अरुंद, आणि लेण्यांभोवती पुरातत्त्व खात्याचे निर्बंध. बेटावर वीजच 2018 मध्ये पोहोचली, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलने. तोवर संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर गावं निभावत होती.

समुद्र ओलांडण्याचा मार्ग बदलायचा विचारही झाला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टने शिवडीहून घारापुरीपर्यंत सुमारे 8 किलोमीटरचा रोपवे मांडला होता. तसं झालं तर गाळ आणि भरती दोन्ही खालीच राहतील. पण अजून भिस्त लाँचवरच आहे. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून अनेकांचा जीव गेला, आणि प्रवाशांच्या लाइफ जॅकेटबद्दल कडक तपासणी सुरू झाली. जॅकेट दिलं तर ते नीट बांधून बसावं, उशाला घेऊ नये.

राजबंदर किंवा मोराबंदर पाहायचं असेल तर पायीच जावं लागतं. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही आणि परतीच्या लाँच संध्याकाळी थांबतात, म्हणून असा बेत असेल तर गेटवेहून सकाळची पहिली लाँच धरावी.