फिजिओच्या कागदावरचे इंग्रजी शब्द आले कुठनं?

मागच्या महिन्यात रंकाळ्यावर फिरताना मामांचा पाय मुरगळला. सूज उतरल्यावर फिजिओकडं नेलं तर तिथनं जो कागद मिळाला त्यावर व्यायाम चार आणि इंग्रजी शब्दच जास्त. पोश्चर, कोअर, गेट, आणि सगळ्यात खाली प्रोप्रिओसेप्शन. पोश्चर म्हंजे अंगाची ठेवण, कोअर म्हंजे पोटाकमरेचे स्नायू, गेट म्हंजे दार न्हवं, चालायची ढब, हे मी सांगितलं, पण शेवटच्या शब्दावर मामांनी चष्मा वर सारून विचारलं, "ह्ये कुठल्या देवाचं नाव रं?" मला पण सांगता येईना, म्हणून मग शोधत बसलो.

तर झालं असं की 1826 साली चार्ल्स बेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं मांडलं की मेंदूकडनं स्नायूला हुकूम जातो तसा स्नायूकडनं मेंदूला उलटा निरोप पण येतो. ह्याला मस्क्युलर सेन्स, म्हणजे स्नायूंची जाणीव, म्हणायला लागले. पुढं 1880 मध्ये बॅस्टियन ह्या इंग्लिश डॉक्टरनं ग्रीकमधले हालचाल आणि जाणीव असे दोन शब्द जोडून किनेस्थेसिया काढला, आणि 1906 ला शेरिंग्टन ह्या इंग्लिश शास्त्रज्ञानं लॅटिनमधला 'स्वतःचं' ह्या अर्थाचा प्रोप्रिअस घेऊन प्रोप्रिओसेप्शन हा शब्द रूढ केला. म्हणजे अंगाला स्वतःची असलेली खबर. डोळे मिटून बोट बरोबर नाकावर जातं ते हिच्यामुळं. स्नायूत, सांध्यात, लिगामेंटमध्ये (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यात) हे खबरे बसलेले असतात, आणि पाय मुरगळला की लिगामेंट ताणतं तशी खबर पण बिघडते, म्हणून तोच पाय परत परत मुरगळतो आणि म्हणून फिजिओ एका पायावर उभं करतात. ही खबर देणारं पिएझो-2 नावाचं प्रोटीन तर अगदी अलीकडं सापडलं, त्या संशोधनासाठी पटापुटियन ह्या शास्त्रज्ञांना 2021 चं नोबेल मिळालं.

मामांना एवढं सगळं सांगितलं तर म्हणाले, "व्हय, म्हंजे तोल की!" तोलाला ही खबर लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही, तोलात कान आणि डोळे पण कामाला असतात. मग थोडं थांबून त्यांनीच सांगितलं की कुस्तीच्या मातीत समोरच्यानं वजन कुठल्या पायावर टाकलंय हे बघून कळत नसतंय, पकड बसली की अंगालाच कळतंय, वस्ताद त्यासाठी तेच तेच डाव महिनोन्महिने घोटून घ्यायचे. ह्याला त्यांच्याकडं वेगळा शब्द नव्हता. नुसती मेहनत.

व्यायामाचे बाकीचे इंग्रजी शब्द पण उकलले की फार रुबाबदार राहत नाहीत. मसल हा लॅटिनमधला छोटा उंदीर, दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. आपल्याकडं त्याच जागी बेडूक बसवलाय, बेडकुळी! जिम हे जिम्नॅशियमचं लघुरूप, आणि त्याच्या मुळाशी ग्रीकमधला नागडा हा शब्द, कारण तिकडं कसरत तशीच चालायची. आपल्या तालमीत निदान लंगोट तरी होता. एरोबिक तर मुळात पाश्चरनं हवेत जगणाऱ्या जंतूंसाठी वापरलेला शब्द, तो 1968 मध्ये केनेथ कूपर ह्या अमेरिकन एअर फोर्सच्या डॉक्टरनं पुस्तकाच्या नावात घेतला आणि जंतूंचा शब्द नाचणाऱ्या बायकांच्या क्लासवर जाऊन बसला.

घोळ आपल्या शब्दांत पण आहेच. मराठीत स्नायू म्हंजे मसल, आणि हिंदीत स्नायु तंत्र म्हंजे नसांची, मेंदूची यंत्रणा, त्यामुळं हिंदी माहितीपत्रक वाचून पायाच्या दुखण्याचा अर्थ लावायला जाऊ नका.

आता रोज सकाळी मामा परड्यात भिंतीला एक बोट लावून एका पायावर उभे असतात, डोळे मिटून, आणि मी मोबाइलवर सेकंद मोजतो. काल 11 पर्यंत गेले. मामी दारातनं म्हणत्यात, "बगळा झालाय नुसता."