मालकी रान आणि खाजगी वन: झाडांची जमीन घेण्याआधी

रायगड किंवा रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या उतारावर दोन तुकडे एकमेकांना लागून आहेत असं समजा. दोन्हींवर ऐन, किंजळ, जांभूळ, मधे करवंदीच्या जाळ्या, ओहोळाच्या कडेला उंबर. दोन्हींच्या सातबाऱ्यावर गावातल्याच कुटुंबांची नावं आहेत आणि दोन्ही विकायला निघाले आहेत. पहिला घेतलात तर तुम्ही मालक व्हाल, झाडं तोडताना परवानगी लागेल इतकंच. दुसरा घेतलात तर पैसे जातील आणि जमीन मिळणार नाही, कारण ती विकणाऱ्याची राहिलेलीच नाही. कायद्याच्या दृष्टीने ती १९७५ साली सरकारजमा झालेली आहे.

पहिल्या तुकड्याला मालकी रान म्हणतात. दुसऱ्याला कायदा 'खाजगी वन' म्हणतो, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. खाजगी म्हटल्यावर माणसाला वाटतं, कुणाच्या तरी मालकीचं असणार, म्हणजे विकतही घेता येणार. महाराष्ट्रात नेमकं उलट आहे. सातबाऱ्यावर 'खाजगी वन' अशी नोंद दिसली, तर ती जमीन सरकारची आहे असं धरूनच पुढचा विचार करावा.

हे कसं झालं ते समजून घेतलं की कागद वाचणं सोपं जातं. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या पाचव्या प्रकरणात सरकारी नसलेल्या जंगलांवर लक्ष ठेवायची सोय होती. त्यातल्या कलम ३५ खाली सरकार जमीनमालकाला नोटीस काढून तोड, चराई, आग लावणं यावर बंधन आणू शकत असे. अशा नोटिसा विशेषतः १९५० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर निघाल्या. तेव्हा मालकी मालकाकडेच राहत होती, फक्त वापरावर लगाम होता. मग महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ आला आणि ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी राज्यातली सगळी खाजगी वनं एका फटक्यात, सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन, राज्य शासनाकडे निहित झाली. यासाठी वेगळं खरेदीखत लागलं नाही, ताबा पावतीही लागली नाही. कायद्याच्या व्याख्येत बसणारी जमीन, कलम ३५ ची नोटीस निघालेली जमीनही त्यात आली, त्या दिवशी आपोआप सरकारची झाली.

काही जमिनी यातून वगळल्या गेल्या. त्या दिवशी जो भाग कायदेशीररीत्या लागवडीखाली होता आणि कमाल धारणेच्या, म्हणजे कायद्याने एकाला जास्तीत जास्त ठेवता येणाऱ्या जमिनीच्या, मर्यादेत बसत होता, तो शेतकऱ्याकडे राहिला. पुढे १९७८ मध्ये कलम २२अ जोडलं गेलं. ज्याची एकूण जमीन १२ हेक्टरपेक्षा कमी होती, त्याला १२ हेक्टर भरतील इतकी वनजमीन परत देण्याची तरतूद त्यात झाली. म्हणून काही सातबाऱ्यांवर 'खाजगी वन' ही नोंद आणि नंतर ती जमीन परत दिल्याचा फेरफार अशा दोन्ही गोष्टी सापडतात. तो आदेश खरोखर झाला असेल आणि त्याची प्रत हातात असेल, तर तुमचा तुकडा पहिल्या प्रकाराकडे सरकतो. नुसतं 'परत मिळाली आहे हो' या बोलण्यावर एक रुपयाही देऊ नये.

आता अडचण अशी की १९७५ ला कायद्याने जे झालं, ते सगळ्या गावांच्या दप्तरात उतरलं नाही. कित्येक ठिकाणी सातबारा जुन्याच नावाने चालत राहिला. वारस लागले, वाटण्या झाल्या, विक्रीही झाली. विकणारा तुम्हाला फसवतोच आहे असं नाही, त्याला स्वतःलाच हे माहीत नसण्याची शक्यता बरीच असते. आजोबांपासून गवत आपणच कापतो, आंब्याची दोन झाडं आपलीच, कर आपणच भरतो, मग जमीन दुसऱ्याची कशी असेल? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही असंच म्हटलं असतं. पण तुम्ही आयुष्याची बचत घालणार असाल, तर त्याच्या प्रामाणिकपणाने तुमचं खरेदीखत टिकत नाही.

एक बाजू जमीनमालकांचीही आहे आणि ती न सांगणं अन्यायाचं होईल. गॅझेटात नोटीस छापली, पण मालकाला कधी दिलीच नाही, अशा जमिनींचं काय? विक्रोळीच्या एका मोठ्या जमिनीचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० जानेवारी २०१४ रोजी 'गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र शासन' या निकालात न्यायालयाने सांगितलं की कलम ३५(३) ची नोटीस नुसती निघणं पुरेसं नाही, ती मालकावर बजावलेली असली पाहिजे, आणि दशकानुदशकं पडून राहिलेल्या नोटिशीच्या जोरावर जमीन खाजगी वन ठरवता येत नाही. हा निकाल मला योग्य वाटतो. न कळवता कुणाची जमीन जाऊ नये. मात्र दलाल याच निकालाची झेरॉक्स दाखवून 'आता सगळं मोकळं झालं' असं सांगतात, ते खरं नाही. नोटीस बजावली होती की नाही हा प्रत्येक जमिनीचा वेगळा प्रश्न आहे, आणि खाजगी वनाच्या व्याख्येत नोटिशीखेरीज इतरही वाटा आहेत. वाद असेल तर कायद्याच्या कलम ६ प्रमाणे जिल्हाधिकारी निर्णय देतात. तो निर्णय विकणाऱ्याने आधी आणावा, मग सौद्याचं बोलावं.

मग दोन तुकड्यांतला फरक ओळखायचा कसा? झाडं पाहून तर मुळीच ओळखता येत नाही. उजाड, झाडाचं खोडही न उरलेला माळ कागदावर खाजगी वन असू शकतो आणि दाट राई शुद्ध मालकी असू शकते. ओळख दप्तरातच होते.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. घराला, फ्लॅटला ती ठीक आहे. रानाच्या जमिनीला ती अपुरी पडते, कारण आजपासून तीस वर्षं मागे गेलं तरी १९७५ पर्यंत पोचत नाही. ज्या दिवशी मालकी गेली तो दिवसच त्या अहवालाच्या बाहेर राहतो. झाडांची जमीन घेताना १९५० च्या आसपासपर्यंतचे सगळे फेरफार काढावेत. आताचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ घालून घ्यावा, कारण गॅझेटातल्या नोंदी जुन्या सर्व्हे नंबरावर असतात आणि नवा गट नंबर घेऊन शोधलं तर काहीच सापडत नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातलं प्रत्येक अक्षर वाचावं. 'खाजगी वन', 'राखीव वन', 'कलम ३५' असा कुठलाही उल्लेख असेल तर तिथेच थांबावं. सिंधुदुर्गात याच्या जोडीला 'वनसंज्ञा' हा शब्द दिसतो, तोही तितकाच गंभीर समजावा. तलाठी कार्यालयात (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना एक-अ असतो, म्हणजे गावातल्या वनजमिनींची नोंदवही. फार थोडे खरेदीदार ती मागतात. ती मागाच. आणि शेवटी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात सर्व्हे नंबर देऊन लेखी विचारावं की या जमिनीबाबत वन खात्याकडे काही नोंद आहे का. उत्तर लेखीच घ्यावं. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे.

नोंदणी झाली म्हणजे जमीन आपली झाली, ही समजूतही या प्रकरणात महागात पडते. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला जातो, विकणाऱ्याची मालकी तिथे कुणी सिद्ध करून देत नाही. ज्याच्याकडे हक्कच नव्हता, त्याने करून दिलेलं खरेदीखत कितीही रंगीत शिक्क्यांचं असलं तरी त्यातून तुम्हाला हक्क येत नाही.

याच गोंधळात आणखी एक गोष्ट मिसळते: वनपट्टा. वनहक्क कायदा २००६ खाली मिळालेली जमीन वारसाने पुढे जाते, पण ती विकता येत नाही. कुणी ती देऊ करत असेल तर तो व्यवहार मुळातच होऊ शकत नाही. आदिवासी खातेदाराची स्वतःची मालकी जमीन बिगर आदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते, आणि 'करून घेऊ नंतर' असं त्यात काही नसतं. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, ही १९४८ च्या कूळ कायद्यातली अट तर बहुतेकांना ठाऊक आहेच.

समजा सगळं तपासलं आणि तुकडा निखळ मालकी निघाला. आता त्यावर काय करता येईल? इथे फरक पुन्हा डोकं वर काढतो, वेगळ्या रूपात. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्याला १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होईल. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती आवळायचा प्रयत्न झाला आणि तो वाद पुन्हा न्यायालयात गेला. खरेदीदाराने यातून एवढं घ्यावं: दाट झाडी असलेल्या मालकी रानातही सपाटीकरण करून प्लॉट पाडणं, रिसॉर्ट उभं करणं, खाण काढणं हे धोक्याचं आहे, मालकी कितीही पक्की असली तरी. ज्याला रान हवं आहे त्याला याची झळ लागत नाही. ज्याला रानाच्या जागी दुसरंच काही उभं करायचं आहे, त्याने दुसरी जमीन बघावी, असं मी सरळ सांगेन.

झाड तोडण्याचा नियम वेगळा. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीतली झाडं स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन, हळदू, तिवस, बीजा, खारफुटी, अशी ती यादी आहे. अर्ज करून, पाहणी होऊन परवानगी मिळते, माल हलवायला वाहतूक परवाना लागतो. वन खात्यात याला मालकी प्रकरण म्हणतात. खाजगी वनात हा प्रश्नच येत नाही. तिथली तोड हा वनगुन्हा.

बांबूच्या बेटावरून हे सगळ्यात नीट दिसतं. २०१७ च्या दुरुस्तीने वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून बांबू काढला गेला, त्यामुळे वनाबाहेरच्या जमिनीतला बांबू तोडायला-विकायला त्या कायद्याचा अडथळा राहिला नाही. म्हणजे आपल्या दोन तुकड्यांच्या बांधावर बेट वाढलं असेल, तर मालकी रानाच्या बाजूच्या काठ्या तुमचं पीक आणि एक पाऊल पलीकडच्या काठ्या वनोपज. म्हणून खरेदीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी कायम करून घ्याव्यात. डोंगरउतारावर 'त्या आंब्यापासून या दगडापर्यंत' यावर विसंबू नये.

जमीन हातात आल्यावर जेसीबी बोलवायची घाई बहुतेकांना होते. रस्ता, सपाट जागा, तळं. यातलं जे काही करायचं असेल ते एक पावसाळा पाहिल्यावर करावं. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठे माती वाहून जाते हे पावसातच दिसतं. रोपं आणून लावण्याचीही घाई नको. तोडलेल्या ऐन-किंजळाच्या बुंध्यांना फुटवे येतात. त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढले, तर जुन्या मुळांच्या ताकदीवर ते जितके भराभर वर जातात तितकं नर्सरीतलं रोप जात नाही. ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर हिरवीगार दिसते म्हणून लावतात. खाली तिच्या पानांचा जाड थर साचतो आणि स्थानिक झाडांची रोपं वर यायला जागा राहत नाही. कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचा सपाट माळ, असेल तर त्यावर माती टाकून झाडं लावू नका. पावसाळ्यात तिथे जी फुलं येतात त्यांना तो उघडा दगडच हवा असतो.

गुरं आणि वणवा हे दोन थांबवले की बाकीचं रान आपलं आपण करतं. गुरांसाठी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावं: गवत कापून न्या, गुरं सोडू नका. गावात हे बहुधा मान्य होतं, आणि गवत गेल्याने आगीचं भयही कमी होतं. वणव्यासाठी जाळरेषा हवी. गवत वाळायला लागलं की हद्दीभोवती काही मीटर रुंदीचा पट्टा साफ करायचा, पालापाचोळा आतल्या बाजूला ओढायचा. उताराच्या खालच्या अंगाला पट्टा जास्त रुंद ठेवावा, कारण आग चढावर वेगाने धावते. शेजारचा तुकडा खाजगी वन असेल, तर त्या बाजूची रेषा स्वतःच्याच हद्दीत काढावी आणि वनरक्षकाला आधी सांगून ठेवावं. पलीकडचं वाळकं गवतही परस्पर जाळायचं नाही.