मुंबईच्या उकाड्यातही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ

‘मुंबईत कुठली आलीय थंडी, कार्ब हीट लागतेच कशाला?’ हा छोट्या पिस्टन विमानांच्या वैमानिकांचा समज जुना आणि चुकीचा. कार्ब हीट म्हणजे कार्ब्युरेटरला (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला) गरम हवा देणारी सोय. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब घटतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान २०–३० अंशांनी सहज उतरतं. जुहूच्या विमानतळावर २५ अंश असले तरी थ्रॉटलच्या (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या) झडपेपाशी शून्याखाली जाऊ शकतं. दमट हवा तर आपल्याकडे फुकट! जास्त धोका खाली येताना, थ्रॉटल मिटलेलं असताना.

फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रॉपेलर असेल तर बर्फ धरल्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) हळूच घसरतात. कार्ब हीटचा नॉब पूर्ण ओढा, अर्धवट नको. आरपीएम आधी आणखी पडतात, इंजिन खडखडतं. इथेच अनेकजण घाबरून नॉब परत ढकलतात. थांबा, बर्फ वितळतोय. मग आरपीएम चढतील. जमिनीवर मात्र बेतानं वापरा, ही गरम हवा फिल्टरमधून येत नाही.