शाश्वत आरोग्यव्यवस्था

रुग्णसेवेचा दर्जा आणि सुरक्षितता कायम राखून तिच्यामुळे होणारे प्रदूषण, साधनसंपत्तीची उधळपट्टी व सामाजिक हानी कमी करणाऱ्या आरोग्यव्यवस्थेला शाश्वत आरोग्यव्यवस्था म्हणतात. 'हेल्थ केअर विदाउट हार्म' आणि 'अरुप' या संस्थांच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातील हरितगृह वायूंच्या निव्वळ उत्सर्जनात आरोग्यक्षेत्राचा वाटा सुमारे ४.४ टक्के आहे. त्यातील जवळपास ७१ टक्के भार औषधे, उपकरणे व इतर साहित्याच्या निर्मितीचा आणि वाहतुकीचा, म्हणजे पुरवठा साखळीचा असतो. म्हणूनच रुग्णालयाच्या छतावर सौरपट्ट्या बसवणे उपयुक्त असले, तरी मूळ प्रश्न कोणते उपचार, किती आणि कशाच्या साहाय्याने दिले जातात हाच उरतो.

शस्त्रक्रियागृहात हे विशेष स्पष्ट दिसते. डेस्फ्लुरेन हा भूल देण्याचा वायू शरीरात जवळजवळ न बदलता श्वासावाटे बाहेर पडतो व सामान्यतः थेट वातावरणात सोडला जातो; शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पटींहून अधिक आहे. सेव्होफ्लुरेनसारखा पर्याय बहुतेक शस्त्रक्रियांत चालतो, त्यामुळे स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेस्फ्लुरेनचा नेहमीचा वापर थांबवला. नायट्रस ऑक्साइड या भूल व वेदनाशमनासाठीच्या वायूची गोष्ट वेगळी: मध्यवर्ती नळयोजनेतून त्याचा मोठा भाग रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच गळून जातो, आणि नळयोजना बंद करून आवश्यक तेथे लहान सिलिंडर ठेवल्यास ही हानी टळते. दम्याच्या फवारा इनहेलरमधील प्रणोदक (औषध बाहेर ढकलणारा) वायूही तापमानवाढ घडवतो; असा वायू न लागणारा पर्याय म्हणजे कोरड्या भुकटीचा इनहेलर. मात्र लहान मुले किंवा जोराने श्वास ओढू न शकणारे रुग्ण यांना तो जमतोच असे नाही, हे डावलून केलेला बदल धोक्याचा ठरेल.

कचऱ्याविषयी गैरसमज बराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयीन कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा सर्वसाधारण, घातक नसलेला असतो. तो संसर्गजन्य कचऱ्यात मिसळला की सगळाच संसर्गजन्य मानून हाताळावा व अनेकदा जाळावा लागतो, आणि सदोष भट्ट्यांतून डायॉक्सिन ही विषारी रसायने बाहेर पडतात. तेव्हा खाटेशेजारीच नीट वर्गीकरण करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. रक्तशुद्धीकरणात (डायलिसिस) चार तासांच्या एका सत्रासाठी सुमारे १२० लिटर द्रव लागतो, शिवाय पाणी शुद्ध करताना नाकारलेले बरेचसे पाणी वाया जाते. ते रुग्णाच्या संपर्कात आलेले नसल्याने स्वच्छतागृहांत वापरता येते.

धोरणाच्या पातळीवर इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्यसेवा अग्रेसर मानली जाते. २०४० पर्यंत स्वतःचे थेट नियंत्रण असलेले उत्सर्जन आणि २०४५ पर्यंत पुरवठा साखळीसह एकूण प्रभावाखालील उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे तिचे ध्येय आहे. आजारपणच टाळणे, रुग्णाला स्वतःची काळजी घेण्यास सक्षम करणे आणि निरर्थक तपासण्या व औषधे बंद करणे, हे मार्ग नव्या तंत्रज्ञानाइतकेच परिणामकारक ठरतात, कारण न लागलेल्या उपचाराचे उत्सर्जन शून्य असते.

सामाजिक बाजूकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. २०२१ मध्ये अमेरिकेने कामगारांना सक्तीने राबवल्याच्या कारणावरून मलेशियातील एका मोठ्या उत्पादकाच्या हातमोज्यांची आयात रोखली, तेव्हा रुग्णाला जंतूंपासून वाचवणारी वस्तू बनवणाऱ्याच्या हालअपेष्टांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. याउलट, अल्प व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सुमारे १०० कोटी लोकांना ज्या आरोग्यकेंद्रांचा आधार आहे, तेथे वीज नाही किंवा ती भरवशाची नाही. तेथे काटकसरीचा आग्रह अन्यायकारक ठरतो. सौरऊर्जेवर चालणारा लस-शीतक आणि प्रसूतिकक्षातील अखंड प्रकाश हीच तेथील शाश्वततेची पहिली गरज आहे.