आयरिश पब

आयरिश पब : आयर्लंडमधील परवानाधारक मद्यगृह. मुंबई-पुण्यात 'पब' म्हटले की अंधूक उजेड आणि कानठळ्या बसवणारे संगीत आठवते. आयर्लंडात मात्र 'पब्लिक हाउस' या मूळ नावातले घरपण अजून टिकून आहे. पाटीवर बहुधा एखादे आडनाव असते. परवानाधारकाचे नाव दारावर हवे, असे १८७२ च्या कायद्याने ठरवले आणि पुढे मालक बदलले तरी जुनी नावे तशीच राहिली.

बिअर विकायला परवाना लागू लागला तो १६३५ पासून. पण पबला आजचा चेहरा दिला एकोणिसाव्या शतकाने, आणि तोही काहीसा दारूबंदीच्या प्रचारामुळे. फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ मध्ये कॉर्क शहरात मद्यत्यागाची चळवळ सुरू केली. लाखो लोकांनी शपथ घेतली, खप घसरला, तेव्हा अनेक पबवाल्यांनी चहा, साखर आणि किराणा विकायला घेतला. एकाच छपराखाली दुकान आणि बार, अशी जोडजागा त्यातून गावोगाव रुजली. डिंगल येथील 'डिक मॅक्स'मध्ये एका बाजूला चामड्याच्या वस्तूंचे दुकान आणि समोर बार, अशी मांडणी आजही पाहता येते.

गावाच्या सुखदुःखात पबचा वाटा किती होता, हे १८४६ च्या एका कायद्यावरून कळते. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू झाल्यास चौकशी होईपर्यंत मृतदेह जवळच्या पबमध्ये ठेवला जाई, कारण तिथले तळघर थंड असे. ही तरतूद १९६२ पर्यंत टिकली. काही खेड्यांत पबवालाच अंत्यविधीची व्यवस्था पाहतो, यामागे हाच इतिहास आहे.

'स्नग' ही लाकडी आडोशाची चिमुकली खोली. बारकडे उघडणाऱ्या झरोक्यातून पेला आत येई. स्त्रिया, धर्मगुरू, पोलीस अशा चारचौघांत पिताना दिसू नये असे वाटणाऱ्यांची ही जागा. बेलफास्टच्या 'क्राउन लिकर सलून'मधील स्नग विशेष देखणे आहेत. मात्र हे घर सर्वांना सारखे खुले नव्हते, हे विसरता येत नाही. १९७० च्या दशकातही कित्येक पबांत स्त्रियांना पाइंट (बिअरचा मोठा, अर्ध्या लिटरहून थोडा अधिक मावणारा पेला) नाकारला जाई. अशा भेदभावावर २००० च्या समान दर्जा कायद्याने बंदी घातली.

पबमधील लोकसंगीताची बैठक अतिप्राचीन मानली जाते, तो समज चुकीचा आहे. पूर्वी हे संगीत घराघरांत आणि नाचाच्या मेळाव्यांत वाजे. ते पबमध्ये स्थिरावले विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि त्यात लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांचा मोठा वाटा होता.

१९०२ पासून नवा परवाना मिळणे जवळजवळ अशक्य झाले. एक जुना रद्द झाला तरच दुसरा मिळे. २००० मध्ये हा परवाना देशात कुठेही नेण्याची मुभा मिळाली. त्यामुळे खेड्यातला पब बंद पडला की त्याचा परवाना शहरातले एखादे सुपरमार्केट विकत घेऊ शकते.