घरात कुत्रा आहे आणि कृत्रिम गवत घालायचंय? आधी हे वाचा

नमुना हातात घेतला की बहुतेक जण आधी रंग आणि मऊपणा बघतात. घरात कुत्रा असेल तर त्याआधी दोन गोष्टी तपासा: त्या जागेवर ऊन किती वेळ असतं, आणि कुत्र्याची शू खाली कुठे जाणार. पैसे वाया जातात ते या दोन ठिकाणी. गवत स्वतः क्वचितच खराब निघतं.

सावली आधी, गवत नंतर

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. अशा दुपारी उघड्यावरचं कृत्रिम गवत ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतं. जिवंत गवत पानांतून पाणी सोडत राहतं म्हणून गार राहतं, प्लॅस्टिकचं पातं तसं करू शकत नाही. पाणी मारलं की गार होतं, पण पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा तापायला लागतं. ‘कमी तापणारं’ म्हणून जे विकलं जातं त्यात फरक काही अंशांचाच पडतो.

उपाय एकच, सावली. रोपवाटिकेत असते तशी ७५ टक्क्यांची शेडनेट ८-९ फुटांवर ताणा आणि पश्चिमेकडे खाली उतरवा, कारण दुपारी तीननंतरचं ऊन तिरकं आत शिरतं. कुत्र्याला सोडण्याआधी हाताची पाठ गवतावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. सावली करणं शक्यच नसेल तर गवत घालू नका, असंच आम्ही गवत बसवणारे सांगतो.

समोर कोटिंगची चकाकणारी काच असेल तर तेही सांगा. तिच्यावरून परतणाऱ्या उन्हाने पाती वितळून चट्टे पडतात.

गवताखाली काय हवं

नेहमीच्या बागेत गवताखाली कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, दाबून बसवतात. दिसायला सपाट, चालायला छान. पण कुत्र्यासाठी हीच मोठी चूक आहे. दाबलेली कच शू धरून ठेवते, ती तिथेच वाळते, आणि उन्हाळा आला की अमोनियाचा वास घरात येतो. मग वरून कितीही धुतलं तरी तो जात नाही, सगळं उचकटावं लागतं. म्हणून वरच्या थरांत आम्ही धुतलेली खडीच वापरतो.

१० बाय १५ फुटांच्या अंगणाचा हिशोब असा. मुरमाड जमीन असेल तर ४ इंच खोदाई. काळी माती असेल तर ९-१० इंच. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं सगळं वेडंवाकडं करते. तिच्या जागी मुरूम दोन थरांत पाणी मारून धुम्मसाने बसवायचा, साधारण १ ब्रास (१०० घनफूट) लागतो. उतार याच पायरीवर द्यायचा, दर १० फुटांना दीड-दोन इंच. त्यावर जिओटेक्स्टाईल कापड (पाणी खाली जाऊ देतं, माती वर येऊ देत नाही), मग २० मिमीची खडी ३ इंच (सुमारे अर्धा ब्रास), वर ६ ते १० मिमीची बारीक खडी १ इंच (सुमारे १५ घनफूट). उतार ड्रेनेजच्या चेंबरकडे जाऊ द्या. बोअर पुनर्भरणाच्या किंवा पावसाच्या पाण्याच्या खड्ड्याकडे कधीही नको.

गच्चीवर खोदाईचा प्रश्न नाही, पण आधी पाणी कोंडून २४ तास गळती तपासा. गवताखाली २०-३० मिमीचे ड्रेनेज सेल, म्हणजे खालून पाणी वाहू देणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीदार लाद्या, घाला. खिळा एकही मारू नका. गच्चीचं पाणी नेणाऱ्या पाइपच्या तोंडावरचा गवताचा तुकडा उचलता येईल असा सुटा ठेवा.

गवत निवडताना आणि बसवताना

पातं २५ ते ३० मिमी उंच, पॉलिथिलीनचं, पाठ पॉलियुरेथेनची आणि छिद्रांची. लांब पात्यांत विष्ठा अडकते. शिसं नसल्याचा चाचणी अहवाल मागा. रोल सहसा साडेसहा फूट रुंद असतो, म्हणजे वरच्या अंगणाला १५ फुटांच्या दोन पट्ट्या: १५० चौरस फुटांसाठी १९५ विकत घ्यावं लागतं. तेरा फुटी रोल मिळाला तर सामान तेवढंच, पण सांधा वाचतो.

रोल आधी उन्हात दोन-तीन तास पसरून ठेवा, मगच कापा. सकाळच्या गारव्यात घट्ट बसवलेलं दुपारी प्रसरण पावून सुरकुततं. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला हवीत, सांध्याखाली फूटभर रुंदीची टेप आणि दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद. गोंदाचं काम दुपारवर ढकलू नका, तेव्हा तो पसरवेपर्यंत आवळतो.

सुट्या खडीत खिळे धरत नाहीत, त्यामुळे कडा काँक्रीटच्या किंवा कडप्प्याच्या पट्टीला चिकटवायच्या. उकरणारा कुत्रा सुरुवात कडेपासूनच करतो.

पात्यांमध्ये झिओलाइट नावाचं खनिज भरा, चौरस फुटाला अर्धा ते पाऊण किलो. रबराचे दाणे नकोत, ते जास्त तापतात. झिओलाइट शूमधलं अमोनियम धरून ठेवतं. नाशिकच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, पण इथे लागतं ते क्लिनॉप्टिलोलाइट जातीचं दाणेदार खनिज, एवढं बिलावर बघून घ्या.

नंतरची निगा

विष्ठा रोज उचला, शूच्या जागी त्याच दिवशी भरपूर पाणी ओता. आठवड्याला एकदा एन्झाइमचं क्लीनर मारून ते दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. ब्लीच अजिबात नको: शूमधल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. फिनाईलही नको, ते कुत्रा पंजांवरून चाटतो.

पावसाळ्यात धुणं पाऊस करतो, पण सावलीतल्या कोपऱ्यांत शेवाळ येतं, ते कडक झाडूने काढा. पाणी कुठे साचून राहिलं तर लगेच कळवा, अशा पाण्यात उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. दिवाळीत फटाके दूर लावा, एका ठिणगीने भोक पडतं.

आणि पिल्लू अजून दात शिवशिवून सगळं चावत असेल, तर चार-सहा महिने थांबा. गिळलेली पाती आतड्यात अडकू शकतात.